तुमच्याकडे सर्वाधिक कोण?

रेकॉर्ड जमवणारी दोन माणसं पहिल्यांदा भेटली, की नाव-गाव विचारून होताच एक प्रश्न हमखास निघतो: "तुमच्याकडे सर्वाधिक कोण?" उत्तरासाठी थांबावं लागत नाही. कुणी भीमसेन म्हणतो, कुणी कुमार, कुणी किशोरीताई, कुणी अमीर खाँ. मग आकडे बाहेर पडतात. एलपी किती, ईपी किती, ७८च्या तबकड्या किती, कॅसेटी किती आणि खासगी मैफलींची रेकॉर्डिंगं किती. नाट्यसंगीतवाल्यांत बालगंधर्वांवरून, भावगीतवाल्यांत बाबूजींवरून आणि चित्रपटसंगीतवाल्यांत लताबाई-आशाबाईंवरून हीच मोजदाद चालते.

काहींना हा पोरखेळ वाटतो. मला तो गंभीर विषय वाटतो. माणूस कमाईतला पैसा, घरातली जागा आणि रविवारच्या सकाळी कशावर खर्च करतो, यावरून त्याच्या मनाचा कल कळतो, आणि संग्रहातला पहिला क्रमांक हा त्या खर्चाचा हिशेब असतो. मात्र हा हिशेब वाचायची एक रीत आहे. त्या आकड्यात आपली आवड असतेच. तिच्यासोबत यंत्राची मर्यादा असते, कंपनीचा व्यापार असतो, गवयाच्या आयुष्याची लांबी असते आणि आपल्या संगीताचा स्वभावही असतो. हे सगळं वेगळं करून पाहिलं, तर पहिल्या क्रमांकावर कोण, याचं उत्तर कधी कधी पूर्ण बदलतं. माझ्या बाबतीत ते बदललं.

सुरुवात यंत्रापासून करू. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं. गौहरजानचा आवाज त्याच वेळी तबकडीवर गेला. गाणं संपताच ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, ते आजही ऐकू येतं. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं, यासाठी ही पुकार असे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवायचा कसा? अनेक उस्तादांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. तीन मिनिटांत राग मांडणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि घराण्याची विद्या बाजारात उघडी पडेल अशी धास्तीही होती. गाण्यावर पोट असलेल्या बायका पुढे आल्या. गाणं आटोपशीर करण्याची, बोलांतून भाव नेमका काढण्याची कला त्यांच्या पेशातच होती.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन दशकांतला संग्रह आज कुणी मांडला, तर त्यात बायकांची नावं पुढे असतात. घराण्यांचा इतिहास मात्र आपण मुख्यतः पुरुषांच्या नावांनी वाचत आलो. हे दोन इतिहास एकमेकांसमोर ठेवायचे, तर पहिला पुरावा जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्याच फडताळात सापडेल. लेबलवर 'जान' किंवा 'बाई' असलेली ती नावं आकड्यानं मोठी आहेत आणि स्मरणात लहान. संग्राहकानं आपला आकडा गांभीर्यानं घ्यावा, याचं माझ्या दृष्टीनं हे पहिलं कारण.

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि भोंग्यासमोर ओरडून गाण्याची गरज संपली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांमधला तो तलम, सुईच्या टोकावर टिकणारा सूर त्यामुळेच आपल्यापर्यंत पोचला. एलपी आल्यावर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. विलंबित ख्यालाला पहिल्यांदा श्वास घ्यायला जागा झाली. कॅसेटनं ही जागा आणखी वाढवली आणि किंमत खाली आणली. १९८०च्या दशकात कॅसेट घराघरांत शिरली, तेव्हा ज्यांचा गळा भरात होता, त्यांची संख्या संग्रहांत आपोआप फुगली. पंडित भीमसेन जोशी १९२२चे. एलपीच्या काळात ते ऐन जोमात होते, कॅसेटच्या काळात कीर्तीच्या शिखरावर होते, आणि अभंगवाणीमुळे ख्याल न ऐकणाऱ्या घरांतही गेले. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य संग्रहांत भीमसेनजी वरच्या क्रमांकावर दिसतात, यात त्यांच्या थोरवीइतकाच या जुळून आलेल्या काळाचा वाटा आहे. द. वि. पलुस्कर १९२१चे, म्हणजे त्यांच्याहून एकाच वर्षानं मोठे. ते १९५५मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. एलपीचं युग आपल्याकडे नीट सुरू होण्याआधीच तो स्वच्छ, प्रसन्न गळा थांबला. या दोघांच्या नावापुढचे आकडे शेजारी ठेवून आवडीचा निष्कर्ष काढणं पलुस्करांवर अन्याय करणारं आहे.

अमीर खाँसाहेबांचं उदाहरण याच्या उलट दिशेचं. त्यांच्या हयातीत निघालेल्या एलपी मोजक्या. १९६०ची मारवा आणि दरबारीची एलपी ज्याच्याकडे आहे, तो ती बोटांच्या कडांनी धरून दाखवतो. तरीही कित्येक रसिकांच्या संग्रहात अमीर खाँ पहिले असतात, कारण आकाशवाणीची आणि खासगी बैठकींची रेकॉर्डिंगं हातोहात फिरत राहिली. कंपनीनं जे छापलं नाही, ते रसिकांनी स्पूलवर उतरवून ठेवलं, स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून संगणकावर नेलं. म्हणजे भीमसेनजींचा आकडा बाजारानं रसिकाच्या मदतीनं वाढवला, आणि अमीर खाँसाहेबांचा आकडा रसिकानं बाजाराला वळसा घालून. दुसरा आकडा पाहिला की मला त्यामागची माणसं दिसतात: मैफलीत गवयाच्या समोर मायक्रोफोन लावून रात्रभर टेप बदलत बसलेली, आणि नंतर आपली प्रत विनामोबदला दुसऱ्याला देणारी.

चित्रपटसंगीतात हा प्रश्न आणखी गुंततो, कारण तिथे मोजायचं कोणाच्या खात्यावर, इथूनच मतभेद आहेत. तबकडी चित्रपटाच्या नावानं निघते, चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, आवाज गायिकेचा. १९४९च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाजलेलं गाणं आलं, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. पार्श्वगायकाचं नाव लेबलवर छापावं, हा आग्रह पुढे मान्य झाला. ज्यांच्याकडे त्या काळातल्या मूळ तबकड्या आहेत, त्यांच्या यादीत लताबाईंची सुरुवातीची काही गाणी अशी दुसऱ्याच नावाखाली बसलेली असतात. मोठ्या आकड्यांचं तर विचारायलाच नको. गिनेस बुकाच्या १९७४च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावे किमान २५,००० गाणी नोंदली गेली. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली. १९९१मध्ये ती नोंद काढली गेली. २०११मध्ये आशाबाईंचं नाव ११,००० गाण्यांच्या आकड्यासह आलं. हा गोंधळ निस्तरला तो संग्राहकांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीतकोश'मध्ये दशकागणिक, चित्रपटागणिक गाण्यांची नोंद केली, आणि अशा याद्यांमुळे हवेतले आकडे जमिनीवर आले. आपला आवडता कलावंत पहिला असावा ही इच्छा प्रत्येकाला असते. ती इच्छा बाजूला ठेवून एकेक तबकडी तपासण्याचं हे काम मला फार मोठं वाटतं. प्रेम आणि शिस्त ज्यांच्यात एकत्र नांदतात, तीच माणसं असं काम करू शकतात.

आता आपल्या संगीताच्या स्वभावाकडे येतो. पाश्चात्त्य रॉक ऐकणारा माणूस आपल्या बँडचे सगळे आल्बम घेतो, तेव्हा प्रत्येक आल्बममध्ये नवी गाणी असतात. सगळे घेतले की संग्रह पुरा होतो. ख्याल ऐकणाऱ्याचा संग्रह असा कधी पुरा होत नाही. त्याच्याकडे एकाच गवयाचा यमन असतो, पुन्हा यमन असतो आणि आणखी एक यमन असतो. बहुधा चीजही तीच. बाहेरच्या माणसाला ही पुनरावृत्ती वाटेल. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की एका रात्री गंधारावर गवई रेंगाळला होता, दुसऱ्या रात्री तबलजी वेगळा असल्यामुळे लय चढी लागली होती आणि तिसऱ्या रात्री गळा बसलेला असूनही निषादावरून खाली येताना असं काही सुचलं की सभागृह स्तब्ध झालं. कुमार गंधर्वांसारखा गवई तर त्याच बंदिशीत दर वेळी नवी वाट शोधणारा. अशा गवयाची रेकॉर्डिंगं जमवणं म्हणजे त्याच्या विचाराच्या मागोमाग चालणं.

म्हणून संग्रहातला पहिला क्रमांक आपल्याकडे एका विशिष्ट अर्थानं बोलका असतो. ज्याचा तोच राग आपल्याला पुन्हा हवासा वाटतो, तो खरा पहिला. एखाद्याकडे एका गवयाच्या पुष्कळ एलपी असतील, पण त्या वेगवेगळ्या रागांच्या, कंपनीनं काढल्या तशा घेतलेल्या असतील; आणि दुसऱ्या कुणाची मोजकी रेकॉर्डिंगं असतील, पण सगळी मारव्याची. मारवेवाल्याचं प्रेम मला अधिक गहिरं वाटतं. दोन संग्राहक आकड्यांची तुलना करत बसले असतील, तर मी त्यांना एवढंच सुचवेन की एकाच रागाची एकाच गवयाची किती रेकॉर्डिंगं तुम्ही ठेवली आहेत, आणि ती का ठेवली, हे एकमेकांना ऐकवून सांगा. तिथून गाण्याबद्दलचं खरं बोलणं सुरू होतं.

माझ्या फडताळात मोजून पाहिलं तर मल्लिकार्जुन मन्सूर पहिले येतात. धारवाडच्या या गवयानं माझ्या कानांना जो आकार दिला, तो दुसऱ्या कुणी दिला नाही. आलापाची सुरुवात होते न होते, तोच लय आणि स्वर यांची अशी वीण सुरू होते की कुठे थांबून दाद द्यावी ते कळत नाही. अनवट राग ते इतक्या सहजतेनं मांडत, की तो राग आपण रोज ऐकत आलो आहोत असं वाटावं. १९९२मध्ये ते गेले, आणि अखेरच्या वर्षांतली त्यांची रेकॉर्डिंगंसुद्धा धाप आणि वय विसरायला लावतात. त्यांच्यामागोमाग माझ्याकडे किशोरीताई आहेत, त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर आहेत, केसरबाई केरकर आहेत. केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या तबकड्या फार थोड्या, त्यामुळे आकड्यात त्या खाली दिसतात.

ही नावं एकाखाली एक लिहिली, की त्यामागचं एक नाव वर येतं. मन्सूर मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांचे शिष्य. हे दोघे अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र. केसरबाईंना दीर्घ तालीम मिळाली ती अल्लादिया खाँसाहेबांकडून. मोगूबाईंनाही त्यांचीच, आणि मोगूबाईंकडून ती विद्या किशोरीताईंकडे आली. स्वतः अल्लादिया खाँ १८५५चे. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले, पुढे मुंबईत आले आणि १९४६मध्ये मुंबईतच निवर्तले. ग्रामोफोन आल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं ते हयात होते. त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. रागांची ती आडवळणी रूपं, तानेची ती न तुटणारी साखळी, तालाच्या मात्रेमात्रेला धरून चालणारी ती गायकी ज्यांनी घडवली, त्यांचा स्वतःचा आवाज आपल्याकडे नाही. तरीही माझ्या घरात सर्वाधिक वाजणारं गाणं त्यांचं आहे. ते मन्सूरांच्या गळ्यातून वाजतं, केसरबाईंच्या घुमाऱ्यातून वाजतं आणि किशोरीताईंच्या गाण्यात, त्यांनी घराण्याची चौकट ओलांडली तिथेही, पाया म्हणून वाजतं. माझ्या संग्रहात सर्वाधिक कोण, याचं माझं उत्तर आता अल्लादिया खाँ आहे.

हे अल्लादिया खाँसाहेबांच्या एकट्या जयपूर-अत्रौली घराण्याचं नाही. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले. त्यांच्याही गाण्याची तबकडी नाही. पण ज्यांच्याकडे बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या तबकड्या आहेत, त्यांच्याकडे भास्करबुवा आहेत. 'स्वयंवर'च्या पदांना चाली त्यांच्या, आणि त्या चाली गाणारा बालगंधर्वांचा गळाही त्यांच्या तालमीतला. नाट्यसंगीत जमवणाऱ्यानं आपली यादी गायकावार लावली तर भास्करबुवा शून्यावर राहतात. गुरूवार लावली तर ते कदाचित सर्वांच्या वर जातील. गाणं एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणारी आपली परंपरा लेबलवरच्या एका नावात मावत नाही.

शिवाय तबकड्यांनीही गुरूचं काम केलं आहे. लहानगे कुमार गंधर्व थोर गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत. भीमसेनजींना लहानपणी घराबाहेर ओढून नेणाऱ्या गोष्टींमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीची तबकडी होती, हे त्यांनीच अनेकदा सांगितलं. तीन मिनिटांच्या त्या लाखेच्या चकतीतून पुढच्या पिढीचा गवई घडला. तेव्हा एखाद्याच्या संग्रहात भीमसेनजी भरपूर आणि अब्दुल करीम खाँ अगदी थोडे असले, तरी त्या थोड्यांचं वजन आकड्यात मोजता येणार नाही.

जगातला सर्वांत दूर गेलेला संग्रह याच नजरेनं पाहावा. १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यात संगीताचे २७ तुकडे आहेत. सर्वाधिक कोण, असं तिथे विचारलं तर उत्तर आहे बाख, तीन रचना. त्यामागे बेथोवन, दोन. हिंदुस्थानातून एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञानं ती सुचवली. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेनं फार थोडं ध्वनिमुद्रण होऊ दिलं. तबकडी निवडायला बसलेल्यांच्या हाती त्या थोड्यातलं एक होतं, म्हणून हे घडलं. ७८ची एक बाजू एवढंच त्याचं माप. निवड करणाऱ्यांनी देशांचा समतोल किती सांभाळला यावर वाद घालता येईल. पण केसरबाईंच्या तबकडीइतकी नेमकी निवड त्यात दुसरी नाही असं मला ठामपणे वाटतं. ती भैरवी ऐकताना अल्लादिया खाँसाहेबांकडच्या तालमीनं कमावलेला दमसास आणि आवाजाचा घुमारा स्पष्ट जाणवतो.

आता मोजदाद आपल्या हातून निघून यंत्राकडे चालली आहे. गाणी ऐकवणारी ॲप्स वर्षाअखेर आपल्याला यादी पाठवतात: तुम्ही यंदा सर्वाधिक कुणाला ऐकलंत. विकत घेतलेल्याची मोजणी मागे पडून ऐकलेल्याची मोजणी पुढे आली, हे चांगलंच झालं. फडताळात धूळ खात पडलेल्या एलपीपेक्षा रोज ऐकलेलं एक रेकॉर्डिंग खरंच मोठं. पण ॲपला तेवढंच मोजता येतं, जेवढं त्याच्या भांडारात आहे. एखाद्या दिवाणखान्यात झालेली बैठक तिथे नसते. असली तर रागाचं नाव चुकलेलं असतं, तबलजी-पेटीवाल्यांची नावं गाळलेली असतात, साल नसतं. ज्यांनी ती बैठक टेप केली, त्यांच्या हस्ताक्षरात कॅसेटच्या पाठीवर हे सगळं लिहिलेलं असतं. आणि ते हस्ताक्षर वाचणारी पिढी म्हातारी होत चालली आहे.

इथेच संग्राहकांच्या एकमेकांशी तुलना करण्याला मोल आहे. मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली, ती अशाच मंडळींनी एकत्र येऊन आपापल्या याद्या, तबकड्या आणि माहिती एकमेकांसमोर ठेवल्यामुळे. मायकेल किनियर यांनी हिंदुस्थानातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची केली, तबकड्यांचे क्रमांक जुळवून काळ निश्चित केले. अशा कामाला खासगी संग्रह लागतात. एकाच्या यादीत जो गवई पहिला, तो दुसऱ्याच्या यादीत शेवटचा असतो, आणि दोन्ही याद्या एकत्र आल्या की त्या गवयाचं अख्खं आयुष्य ऐकता येतं. आपलं पहिलं नाव अभिमानानं सांगावंच. सोबत आपल्याकडे कुणाचं एकच रेकॉर्डिंग आहे, हेही सांगावं. समोरच्याच्या घरात त्याचा जोड असण्याची शक्यता तिथेच जास्त असते.

संग्राहक गेल्यावर घरच्यांना हा पसारा कळत नाही. तबकड्या भंगारात जातात, कॅसेटी बुरशी धरतात, हार्ड डिस्क कुणी उघडत नाही. घरच्यांना दोष देता येत नाही. त्यांना यादीच मिळालेली नसते. म्हणून या दिवाळीत फडताळ आवरायला घेतलंत, तर एक वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे राग, साल, जागा आणि साथीदारांची नावं लिहा. गवयाच्या नावाखाली त्याच्या गुरूचं नाव लिहा. हे रेकॉर्डिंग तुमच्याकडे कुणाकडून आलं, तेही लिहा. आणि वही पुरी झाली की तिची एक प्रत अशा माणसाला द्या, ज्याचा पहिला गवई तुमच्याहून वेगळा आहे.